कॅम्प, कॅम्पस आणि चॅम्पियन : एकाच मैदानातले शब्द

पुण्यात कॅम्प म्हटले की महात्मा गांधी रस्ता, ईस्ट स्ट्रीट, पूलगेट हा भाग डोळ्यांपुढे येतो. १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांचा पराभव झाला आणि तिथे इंग्रजांची छावणी पडली, म्हणून हे नाव. नावाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. शब्दाची मात्र नसते, आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

लॅटिनमध्ये ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळे, सपाट मैदान. प्राचीन रोममध्ये युद्धदेव मार्स याच्या नावाचे असेच एक मैदान होते आणि तिथे सैनिकांची कवायत चाले. त्यामुळे मैदानाच्या शब्दाला पुढे फौजेच्या तळाचा अर्थ चिकटला आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. आपणही जिंकणाऱ्याने मैदान मारले असेच म्हणतो. हिवाळा संपल्यावर युरोपातल्या फौजा मोकळ्या मुलखात लढाईला निघत, त्यावरून कॅम्पेन आले. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढून दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत, हे आठवले की तो परका शब्द एकदम ओळखीचा होतो. महाविद्यालयाच्या आवाराला कॅम्पस म्हणण्याची रीत अमेरिकेत अठराव्या शतकात, आजच्या प्रिन्स्टन विद्यापीठात सुरू झाली.

आपल्या शब्दांनीही हीच वाट धरली. शिबिर म्हणजे मुळात सैन्याचा तळ. आज फलकावर ‘मोफत नेत्रतपासणी शिबिर’ असते आणि रांगेतल्या आजी शेजारणीला ‘डोळ्यांचा कॅम्प लागलाय’ म्हणून सांगतात. छावणी तर दुष्काळात जनावरांच्या चाऱ्यापाण्याची झाली.

मराठी माध्यमाच्या शाळांत मात्र ‘कॅम्प म्हणजे शिबिर’ एवढे पाठ करून घेतात, कॅम्पस आणि कॅम्पेन वेगळ्या धड्यांत वेगळे पाठ होतात, आणि मुलांना इंग्रजी म्हणजे सुट्या शब्दांची न संपणारी यादी वाटू लागते. फळ्यावर एक मैदान काढून त्याभोवती हे चारही शब्द मांडायला दहा मिनिटेही लागणार नाहीत. शिक्षकांनी हे जरूर करून पाहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

‘कॅम्प नको, लष्कर म्हणा’ असा आग्रह धरणाऱ्यांची मराठीविषयीची तळमळ मला मान्य आहे. पण लष्कर हा फारसी शब्द आहे, आणि उर्दू या नावाचे मूळही छावणी असा अर्थ असलेल्या तुर्की शब्दात आहे. पुण्याने लष्कर आणि कॅम्प ही दोन्ही नावे सांभाळली आहेत. त्यांतले कोणतेही एक पुसून टाकण्याचे मला कारण दिसत नाही.