आवाज चोरायची गरजच कुठे आहे?

"तुमचा आवाज हाच तुमचा पासवर्ड! बोटांच्या ठशांसारखा प्रत्येकाचा आवाज वेगळा, त्यामुळे तो कुणी चोरू शकत नाही. नकलाकारसुद्धा यंत्राला फसवू शकत नाही. पिन, ओटीपी विसरा." बँकेत फोनवर आवाजावरून ओळख पटवण्याबद्दलचा हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय.

'प्रत्येकाचा आवाज वेगळा' इथूनच सुरुवात करू. घरी लँडलाइन होती तेव्हा मी फोन उचलला, की बाबांचे मित्र मलाच बाबा समजून बोलत सुटायचे. "काका, थांबा, बाबांना देतो," हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. यंत्राचा कान माणसापेक्षा तिखट असतो, मान्य. पण तेही 'हाच तो' अशी खात्री देत नाही. नोंदणीच्या वेळचा नमुना आणि आत्ताचा आवाज किती जुळतात याचे ते गुण देतं, आणि ठरावीक गुण मिळाले की दार उघडतं. पास होण्याची रेषा वर नेली, तर सर्दी झालेला खरा खातेदार बाहेर राहतो. खाली आणली, तर त्याचा भाऊ आत शिरतो.

हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. 2017 मध्ये बीबीसीचे पत्रकार डॅन सिमन्स यांनी एचएसबीसी बँकेत आवाजाची नोंदणी केली आणि त्यांच्या जुळ्या भावाने, जो यांनी, फोनवर त्यांची नक्कल केली. दोघं जुळे खरे, पण हुबेहूब सारखे नव्हेत. सात वेळा यंत्राने नाही म्हटलं, आठव्यांदा आत घेतलं. खात्यातली शिल्लक आणि व्यवहार दिसले, पैसे मात्र काढता आले नाहीत. मला खटकतं ते वेगळंच: सात वेळा चुकलेल्या माणसाला आठवी संधी मिळालीच कशी? एटीएमचा पिन तीनदा चुकला तर कार्ड ब्लॉक होतं.

आता 'कुणी चोरू शकत नाही'. अहो, आवाज आपण दिवसभर वाटतच असतो. हा मजकूर पाठवणाऱ्या काकांनी खाली शिफारशीची चांगली लांबलचक व्हॉइस नोटही टाकली आहे! चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने 2024 मध्ये अवघ्या 15 सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज तयार करणारी प्रणाली दाखवली. त्याच वेळी, बँक खात्यासाठी आवाजावरची ओळख टप्प्याटप्प्याने बंद करा, असंही स्वतःच सुचवलं. त्याआधी 2023 मध्ये पत्रकार जोसेफ कॉक्स यांनी संगणकाने बनवलेला स्वतःचाच आवाज ऐकवून ब्रिटनच्या लॉइड्स बँकेतल्या आपल्या खात्यात शिरून दाखवलं होतं. आणि पासवर्ड फुटला तर बदलता येतो. गळा कुठून बदलणार?

म्हणून हे तंत्र टाकाऊ आहे का? अजिबात नाही. फोनवर जन्मतारीख आणि आईचं नाव विचारून ओळख पटवण्यापेक्षा ते नक्कीच बरं. ती माहिती तर अर्ध्या गावाला ठाऊक असते. ज्यांना नीट दिसत नाही किंवा ज्यांची बोटं थरथरतात, त्यांना आकडे टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं जातं. एकाच आवाजात दहा वेगवेगळ्या खात्यांसाठी फोन येत असतील, तर तो भामटा पकडायलाही यंत्राचा कान उपयोगी पडतो.

तेव्हा शिल्लक विचारायला आवाज चालेल. नवा लाभार्थी जोडायचा किंवा मोबाइल नंबर बदलायचा असेल, तर सोबत पिन हवाच.