फाउंडेशन गेलं न जी!

पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्या परदेशात मुद्दाम बनवतात म्हणे. आमच्या गडचिरोलीत त्या पावसाळा लागला की आपोआप तयार होतात. वडशाच्या वाटेवर आमचा नाला आहे, नाल्यावर रपटा आहे आणि आषाढात रपट्यावर पाणी आहेच. ते पोटरीच्या खाली उतरलं की मी फॅनबेल्ट काढून जीप घालतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे थोडं भिजलं तरी ते चालत राहतं. फक्त एअर फिल्टरातून पाणी आत जाऊ द्यायचं नाही. गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग मालकालाही वर्षभर वाकूनच चालावं लागतं.

जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. जीप त्याच्याही आधीची. थरथरणं हा तिचा स्वभावच आहे, असं मी धरून चाललो होतो. यंदा मात्र हद्द झाली. फाटकावर उभी असताना आरशात मागचा एक ट्रक चार दिसायला लागला. गिअरची दांडी अंगात आल्यासारखी घुमायची. सासुरवाडीहून निघालेलं दही घरी पोचेपर्यंत ताक व्हायचं. एकदा बायको डब्यात डोकावून म्हणाली, "अहो, लोणी वर यायलाच आलंय. नाल्यापर्यंत अजून एक चक्कर मारता का?"

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि मला हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडायला लावला. इंजिन उठणाऱ्या म्हशीसारखं एका अंगानं वर आलं.

"फाउंडेशन गेलं न जी, गुरुजी!"

हेच मी घरी फोनवर सांगितलं. बाबा तडक उठून मागच्या भिंतीपाशी गेले आणि पाहून आले. "ती भेग तर जुनीच आहे," म्हणाले.

हे फाउंडेशन म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये पक्का चिकटवलेला रबराचा ठोकळा. इंजिन चेसिसवर थेट बसत नाही, अशा ठोकळ्यांवर बसतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं उभं असलं तरी सेकंदाला २६-२७ धक्के देतं. ते गिळायचं काम या रबराचं. आमच्या रबरानं धक्क्यांबरोबर वरून ठिबकणारं ऑइलही गिळलं होतं. मिस्त्रीनं बोटानं दाबलं, तर ते तर्रीत विसरलेल्या आलूबोंड्यासारखं दबलं.

"उजवीकडचं बरं दिसतंय. एकच बदलवू," मी खिसा चाचपत म्हटलं.

"म्हाताऱ्या बैलासंगं नवा गोऱ्हा जुपता काय जी? सारा भार त्याच्याच मानेवर येते न."

दुकानदार म्हणाला, नमुना आणा. नमुना काढला की जीप जागची हलत नाही, म्हणजे मी एसटीनं, मांडीवर पिशवीत काळा ठोकळा. शेजारच्या आजीनं विचारलं, "कोणाकडचा खरवस हाय, बापा?" एक वडशात मिळालं, दुसरं ब्रह्मपुरीत.

मग ऑइल चेंबरखाली सागाची फळी, फळीखाली जॅक. फळी नसली तर चेंबरला पोचा पडतो. नाल्याच्या गाळानं नट असे गंजले होते की पान्यानं हात टेकले आणि छन्नी काढावी लागली. उरलेलं जुनं निघालं, नवं बसलं, पण बोल्ट काही भोकात जाईना. बोटाच्या पेराएवढा फरक. मिस्त्री गाडीखाली, मी सब्बलीला, म्हणजे पहारीला, लटकलेलो, आणि भाताचा रोवणा सोडून आलेले सात-आठ जण बांधावर.

"डावीकडं ढकला जी!"

ढकललं.

"तुमची डावी नाही, गाडीची डावी!"

"गाडीची डावी म्हणजे कोणती?"

यावर बांधावर दोन तट पडले. वाद रंगात आला असताना माझा पाय चिखलात घसरला, सब्बल भलत्याच बाजूला दाबली गेली आणि बोल्ट टक्कन आत. "असंच म्हणत होतो न मी," मिस्त्री गाडीखालून म्हणाला. इंजिनाचा पूर्ण भार रबरावर आल्यावरच त्यानं नट शेवटचे आवळले.

परवा सासुरवाडीहून आलो. दही घरी दहीच पोचलं. बायकोनं डबा उघडून बराच वेळ पाहिलं, मग स्टूल ओढून माळ्यावरची रवी शोधायला लागली.