गॅलरी आत घेतलेली बोट

घरातला एक माणूस मर्चंट नेव्हीत होता, एवढं नातेवाइकांना पुरतं. गच्चीवरची टाकी ओसंडली तरी त्यालाच फोन. मी टँकरवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, म्हणजे समुद्राशी माझा संबंध वायरीपुरता. तरीही साडूभाऊंनी सेकंडहँड मोटर यॉट घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा ती बघायला मी जाणार हे मला विचारण्याआधीच ठरलं होतं. "तुम्ही नुसतं वरवर बघा हो," ते म्हणाले. जुनी बोट वरवर बघून घेतली की ती खालून बुडते, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा आणि तिथून अलिबागकडचं एक यार्ड. पावसाळ्यासाठी बाहेर काढलेली ४२ फुटी फायबरची बोट ठोकळ्यांवर उभी होती. एजंटाने माझ्या हातात छापील यादी दिली. मागच्या मालकाने केलेले बदल, आणि प्रत्येकापुढे रुपयांत खर्च. लग्नात आहेराची यादी वाचतात तशी साडूभाऊंनी ती मोठ्याने वाचली.

मागचे मालक मुंबईच्या फ्लॅटमधले, हे शिडी चढल्याबरोबर कळलं. मुंबईच्या माणसाला उघडी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवतात. या बोटीला मागे बसायला ऐसपैस मोकळा डेक होता. साहेबांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून तो चक्क आत घेतला होता. डेकवर आलेलं पाणी परत समुद्रात जावं म्हणून कडेला भोकं असतात. तीही त्यांनी बुजवली होती, कारण "त्यातून पाणी यायचं." कागदपत्रांतल्या नकाशात अर्थातच इथे खोली नव्हती. मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तर एजंट म्हणाला, "साहेब, सगळेच करतात."

आत शिरलो तर फॉल्स सीलिंग, त्यात निळे दिवे. सीलिंगमागे काय आहे ते बघायला मी एक पट्टी उचकटली. आत घरगुती वायरिंग, जोडांवर इन्सुलेशन टेप. बोटीत कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतात, कारण खारी हवा साध्या तांब्याला हिरवं करून टाकते. ही वायर हिरवी होऊन, काळी पडून पुढच्या अवस्थेला पोचली होती. माझ्या उभ्या नोकरीत मी जेवढ्या आगी टाळल्या, त्या सगळ्या इथे एका छताखाली सुखाने नांदत होत्या.

स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा. ओट्याखाली लाल सिलिंडर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर निदान दाराखालून बाहेर जायची वाट असते. बोटीत तो थेट तळाशी, बिल्जमध्ये जाऊन साठतो. म्हणून बोटीवर सिलिंडर वर डेकवर, वेगळ्या कप्प्यात ठेवतात, आणि त्या कप्प्याला समुद्रात उघडणारं भोक असतं. इथे बिल्जशेजारी, ठिणगीची सोय म्हणून, इन्व्हर्टर होता आणि बिल्जमधलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा स्वयंचलित खटका दोरीने खाली बांधलेला. "तो सारखा चालू व्हायचा," एजंट म्हणाला. पाणी कुठून येतं हे शोधण्यापेक्षा दोरी स्वस्त पडली असणार.

मग बोटीच्या पोटाखाली गेलो. पाण्याखालचा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टजवळ जस्ताचा गोळा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. तो जस्त असावा, पंखा नव्हे, एवढ्यासाठी ही सोय. ज्याचा जन्मच खाऊन घेण्यासाठी झाला, त्या जस्ताला मालकांनी बोटीला शोभेलसा पांढरा ऑइलपेंट लावला होता. जस्त ठणठणीत होतं. पंख्याच्या कडा मात्र कुरतडलेल्या होत्या.

आणि तिथेच तो लाल पट्टा दिसला. पाण्याची रेघ दाखवणारा हा पट्टा, त्याच्या खाली जुन्या पट्ट्याची सावली रंगातून डोकावत होती. चांगली वीतभर खाली. ओटा, खिडक्या, छपरावर एसीचं युनिट, आणि सगळ्यांत वर शॉवरसाठी ५०० लिटरची काळी टाकी. बोट बसत गेली, तसतसा मालक पट्टा वर सरकवत गेला. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, तेही सगळ्यांत उंचावर, आणि अर्धी टाकी असली की इकडून तिकडे धावणारं. मी हे समजावत होतो तेव्हा मेहुणीबाई ओट्यावरून हात फिरवत होत्या.

भरती बघून बोट पाण्यात उतरवली. बोट चालवणारा तांडेल इथलाच, बोलायला काटकसरी. खाडीबाहेर त्याने दोन्ही इंजिनं पूर्ण सोडली. फेऱ्यांचा आकडा हवा तिथे चढेना, मागून काळा धूर. बोटीने नाक वर केलं, पण पाण्यावर उचलली न जाता तशीच फरफटत राहिली. "उठत नाय," तांडेल म्हणाला. ओळखपाळख झाल्यावरही तो याहून फार बोलला नाही.

लाटेवर मात्र ती सावकाश कलायची आणि सावकाश परत यायची. "बघा, पाळणा आहे पाळणा!" एजंट खूश. ज्याला तो पाळणा म्हणत होता, तेच मला खुपत होतं. बुडाशी भक्कम असलेली बोट झटक्याने सरळ होते, अगदी चहा सांडेपर्यंत. जी विचार करून सरळ होते, तिचा विचार एखाद्या दिवशी बदलू शकतो. १६२८ साली स्टॉकहोममध्ये वासा नावाच्या तोफांनी लादलेल्या युद्धनौकेवर तीस माणसांना या काठाकडून त्या काठाकडे पळवून पाहिलं होतं. तीन फेऱ्यांत जहाज इतकं डुलायला लागलं की पळापळ थांबवावी लागली. तरी ते पाठवलंच. पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं.

हे सांगितल्यावर साडूभाऊंना राहवेना. आपणही करू म्हणाले. मग साडूभाऊ, मेहुणीबाई, दोन भाचे आणि नाइलाजाने एजंट, सगळे आत घेतलेल्या गॅलरीत डावीकडून उजवीकडे धावले. दुसऱ्या फेरीला सरकत्या खिडक्या आपोआप सरकल्या. तिसऱ्या फेरीच्या आत तांडेलाने इंजिनं बंद केली आणि प्रथमच पूर्ण वाक्य बोलला: "ज्याला जायचं त्याने पोहत जा."

धक्क्यावर मी हिशेब मांडला. टाकी उतरवा, एसी उतरवा, खिडक्या काढा, वायरिंग नवं करा, ओटा फोडा, मग उरलेल्या बोटीची किंमत बोलू. एजंटाने यादी उलटी केली आणि मागे पेनाने नवे आकडे लिहायला सुरुवात केली.

"हे कसले?" साडूभाऊंनी विचारलं.

"काढायचे. ते वेगळे पडतात."

"ओटा सोडून लिहा हो," मेहुणीबाई म्हणाल्या.