नागद्वारीची वाट आणि ‘यांना ट्रेकिंगमधले काय कळते?’

आज सकाळी एका ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप गटावर मध्य प्रदेशातील सातपुडा राष्ट्रीय उद्यानाची पावसाळी सूचना येऊन पडली. गाभा क्षेत्रातील सफारी १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद, ही त्यातली माहिती दरवर्षीचीच आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्याखाली एका गृहस्थांनी चिकटवलेल्या छायाचित्राबद्दल. त्याच जंगलातल्या नागद्वारीच्या, म्हणजे पचमढीजवळच्या नागदेवाच्या यात्रेच्या, वाटेवर भिजत उभी असलेली यात्रेकरूंची रांग, आणि तिच्यावर त्यांचा शेरा असा, की आपण पैसे भरायला तयार असून आपल्याला बंदी आणि ही झुंड मात्र थेट वाघाच्या घरात; यांना ट्रेकिंगमधले काय कळते? त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ लागली होती आणि तीत माझ्या ओळखीचे, एरवी सभ्य म्हणून माहीत असलेले लोकही होते. तिथे वाद घालण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी त्या रांगेतून चालून आलेले आहे.

माझी माय चालून आली आहे. वरुड तालुक्यातील आमच्या गावात पेरण्या आटोपल्या, पहिले निंदण आणि डवरणी झाली, की नागपंचमीच्या आधी माणसे मिळून गाडी ठरवतात. पांढुर्णा, छिंदवाडा, तामिया, मटकुली असे करीत पचमढी गाठायची, तिथून जिप्सीने जलगलीपर्यंत जायचे आणि पुढे आपले पाय. मायच्या पायांत रबरी चपला होत्या आणि त्या चिखलात निसटू नयेत म्हणून तिने पाऊल आणि चप्पल मिळून सुतळीचे वेढे दिले होते. गाठ घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, कारण ती आतल्या बाजूला आली तर चालताना दुसऱ्या पायाला घासते. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, काखेतल्या पिशवीत दशम्या, आणि दशम्यांना तेल लागू नये म्हणून वेगळ्या चिंधीत बांधलेली नागदेवाच्या काजळाची डबी.

त्या गृहस्थांनी ही वाट पाहिलेली नसावी. डोंगरातली दहा-पंधरा किलोमीटरांची चढउतार आहे, तीही भर पावसात. आपल्याकडचा काळा खडक पावसात धुऊन निघतो. पचमढीचा वालुकाश्म पाणी पितो, त्यावर शेवाळ धरते आणि पाऊस थांबल्यानंतरही गुहांची छते कितीतरी वेळ ठिबकत राहतात. पद्मशेष, चिंतामणी, पश्चिमद्वार, स्वर्गद्वार अशी एकेक ठिकाणे घेत जाताना मध्ये ओल्या लोखंडी शिड्या लागतात आणि वरचा माणूस पायरी सोडेपर्यंत खालच्याने श्वास धरून उभे राहावे लागते. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड, १३५२ मीटर, याच भागात आहे. त्या उंचीवर गाडीने जाऊन सूर्यास्ताचे छायाचित्र काढणारे पर्यटक, आणि या कड्याकपारींतून चालणारी माझी माय मात्र झुंड!

आता ट्रेकिंगमधले काय कळते, त्याबद्दल. परतीच्या वाटेवर एका नाल्याशी मायची रांग पोहोचली तेव्हा पाणी पोटरीइतकेच होते आणि पुढची माणसे ओलांडून गेलेली होती. मायने पाण्यात पाऊल टाकले आणि मागे घेतले. पाण्याचा रंग मघापेक्षा बदलला होता आणि काठाला अडकलेला पालापाचोळा सुटून वाहू लागला होता. ‘पानी गढूय झालं, आता वाढते. बसा इथंच, भगत,’ असे ती मागच्यांना म्हणाली. त्या वाटेवर लहानथोर सगळे एकमेकांना भगतच म्हणतात. मागे शहरातली तीन-चार मुले होती, चांगले बूट, चांगल्या पाठपिशव्या. एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते. मायने त्यांच्यातल्या एकाचा सरळ हात धरला आणि त्याला दगडावर बसवले. थोड्याच वेळात तो नाला कमरेच्या वर गेला आणि वरून मोडलेल्या फांद्या येऊ लागल्या. तिच्याजवळ हवामानाचे ॲप नव्हते. शेताकडे जाताना जो नाला ती आयुष्यभर ओलांडत आली, त्याने तिला हे शिकवले आहे, आणि या विद्येला कळणे म्हणत नसतील तर कशाला म्हणतात, हे त्या गृहस्थांनी मला समजावून सांगावे.

पावसाळ्यात जंगलाला निवांतपणा लागतो आणि लाखो पायांनी त्याला धक्का बसतो, हे मला मान्य करावे लागते. वाटेवरच्या प्लॅस्टिकबद्दलही आपल्या मंडळींना लाज वाटली पाहिजे. त्यावर मी वाद घालणार नाही. पण ही वाट वर्षभर उघडी नसते. नागपंचमीच्या सुमारास ठरावीक दिवसच ती उघडते आणि यात्रा आटोपली की बंद होते. उर्वरित वर्षभर आत जाणारी वाहने कोणाची असतात, हे मोजायला कोणी बसत नाही. राष्ट्रीय उद्यान झाले १९८१ साली. पुढे बोरी आणि पचमढी ही अभयारण्ये त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प आकाराला आला आणि त्यासाठी आतल्या कित्येक गावांनी आपली घरे आणि शेते सोडून बाहेर वस्ती केली. आमच्या गावची माणसे त्याच्याही आधीपासून या डोंगरात जात होती. माझ्या आजीच्या तोंडी काजरीचे नाव होते, मूल व्हावे म्हणून नागदेवाला काजळ घालण्याचा नवस बोललेल्या बाईची गोष्ट ती आम्हांला सांगत असे, आणि तिने नकाशा कधी पाहिलेला नव्हता. जुनी वाट आहे म्हणून वाटेल तसे वागावे, असे मी म्हणत नाही. मात्र जो माणूस काल आला त्याने आधीपासून चालणाऱ्याला घुसखोर म्हणू नये, एवढी रीत तरी पाळावी.

लिहिताना माझा आवाज चढला आहे, हे मला कळते. पण खरा संताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि तो त्या गृहस्थांवरचा नाही. त्या दिवशी नाल्याच्या अलीकडे बसलेल्या शे-दीडशे माणसांना पुढची वाट सुरू आहे की बंद, हे सांगणारे कोणी नव्हते. एक म्हणे पुढे दरड आली, दुसरा म्हणे जिप्सी बंद झाल्या, तिसऱ्याने तर माणसे वाहून गेल्याचीच आवई उठवली. आमच्या गाडीवाल्याचा फोन लागत नव्हता आणि इकडे गावात आम्ही घरचे लोक रात्रभर जागे. माय दुसऱ्या दिवशी दुपारी सुखरूप बोलली, तेव्हा तिला नाल्यापेक्षा आमच्या काळजीचेच जास्त आश्चर्य वाटत होते. तिच्या लेखी पाणी उतरले, दोर बांधला गेला, आपल्या विदर्भातल्याच एका सेवा मंडळाच्या राहुटीत गरम खिचडी मिळाली आणि विषय संपला.

माझ्या लेखी तो संपलेला नाही. पर्यटकांसाठीची माहिती म्हणजे सफारीची वेळ, खोलीचे आरक्षण आणि धबधब्याचे छायाचित्र, असे आपण धरून चाललो आहोत. त्या डोंगरात सर्वांत जास्त संख्येने पायी चालणारा माणूस कापसाच्या आणि संत्र्याच्या शेतातून येतो, वऱ्हाडी बोलतो आणि त्याचा फोन साधा असतो. वाटेची खबर त्याच्या भाषेत, त्याच्या एसटी स्थानकावर आणि त्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवी. आज कोणता नाला भरलेला आहे, किती वाजेनंतर जलगलीहून पुढे निघू नये, शिड्यांशी किती वेळ लागतो आहे, एवढे रोज दोन ओळींत कळले तरी पुष्कळ झाले. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्याच चौरागडाच्या पायऱ्या खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणाऱ्यांनाही हीच खबर हवी असते. यात खर्च किती आहे? सेवा मंडळे जागोजागी आहेतच. ती चुलीबरोबर एक फळाही मांडू शकतात. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना यात्रेला जाणाऱ्या गाड्यांना झेंडी दाखवायला वेळ असतो, फळ्यासाठी मात्र नसतो. असो. पुढाऱ्यांवर लिहायला बसलो तर रात्र होईल.

त्या गृहस्थांचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ते वाईट नसतील. शनिवार-रविवारी डोंगरात जाणारा माणूस मुळात बरा असतो, असा माझा एक भाबडा समज आहे. मायला मी त्यांचा शेरा वाचून दाखवला. ती मोठ्याने हसली आणि ‘त्याले म्हना, येजो एक डाव, मी दाखवतो वाट’ असे म्हणून पुन्हा अंबाडी निवडायला लागली. मला ते इतक्या सहज घेता येत नाही.

तूर्त एवढेच केले आहे, की मोठ्या कागदावर मायच्या सांगण्यावरून मजकूर लिहून तो आमच्या बसथांब्यावर आणि ग्रामपंचायतीत लावला आहे. पाणी गढूळ झाले की ओलांडू नये, शिडीवर दोन्ही हात मोकळे ठेवावेत, निघण्याआधी घरी परतीचा दिवस आणि सोबत्याचा फोन लिहून द्यावा, आणि नेलेली प्लॅस्टिकची पन्नी तशीच परत आणावी. आपल्या गावात लावायचा असेल तर खाली कळवा, छायाचित्र पाठवतो. मोर्शी, नरखेड, काटोलकडच्या मंडळींनी आपल्या मंडळाची राहुटी यंदा कोणत्या टप्प्यावर आहे तेही लिहावे. आमची गाडी गुरुवारी रात्री निघते. तामियाच्या घाटात सध्या रस्ता कसा आहे, हे नुकत्याच जाऊन आलेल्या कोणी सांगितले तर फार बरे होईल.