मागं हवा कमी आहे

कालपासून माझ्या तळहाताला फोड आहे आणि डोक्यात एक म्हातारा आहे. फोड सायकलच्या पंपाचा. म्हाताऱ्याचं सांगतो.

बेत साधा होता. समुद्रकाठच्या गावाभोवती चार किलोमीटरची फेरी, थोडी डांबरी रस्त्याने, थोडी पुळणीवरून, जमतील तेवढ्या वेळा. बायको पुढे, नऊ वर्षांची मुलगी मध्ये, मी शेवटी. माझ्याही मागे, कॅरियरवरच्या खुर्चीत, चिरंजीव. वजन १७ किलो. झोपले की २५.

रस्ता पुळणीला मिळतो त्या वळणावर लांबलचक कठडा आहे. त्यावर ते आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी समोर आलो तशी हनुवटी वर झाली.

"ओ साहेब! मागं हवा कमी आहे!"

हे वाक्य ऐकून न थांबता पुढे जाऊन दाखवावं कोणीही. मी उतरलो. टायर दाबला. अंगठ्याने दाबून हवा ओळखणारी माणसं असतात. मला फक्त टायर आहे एवढंच कळतं. टायरच्या कडेवर ३५ ते ६५ पीएसआय असं छापलंय, पण माझ्या हातपंपाला काटाच नाही. मारत सुटलो. चिरंजीव खुर्चीतून मोजत होते. त्यांना १९ पर्यंत येतं, मग पुन्हा एकपासून. हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या पशुवैद्याने १८८७ साली केला, तो मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशीही एक बाप आणि त्याचं पोरच. फक्त त्याच्या अंगणात कठडा नसावा.

दगडासारखा टायर घेऊन मी पुळणीवर उतरलो आणि वीसेक फुटांत रुतलो.

यात माझीही चूक होती, ती इथेच कबूल करतो, घरी केलेली नाही. सायकल पेलते ती ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू. कोरडी वाळू गिळते. मागच्या रविवारी याच वेळी छान ओहोटी होती, म्हणून मी तीच वेळ धरली. पण भरतीओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात झाले जवळजवळ सहा तास. म्हणजे ओहोटीच्या जागी थेट भरती. घट्ट वाळू होती तिथे लाटा होत्या आणि आम्ही चौघं कोरड्या वाळूत सायकली ढकलत होतो. तिघं. चौथा झोपला होता आणि त्याचं हेल्मेट दर पावलाला माझ्या कंबरेत ढुशी देत होतं.

दुसऱ्या फेरीला आजोबा तयारच होते.

"जास्त भरलीत! वाळूत कमीच लागते."

"आजोबा, तुम्हीच म्हणालात ना कमी आहे?"

"ते रस्त्याचं सांगितलं. तुम्ही वाळूत घातलीत."

आणि दुखणं हे, की बरोबर होतं. कमी हवेचा टायर पसरतो आणि वाळूवर तरून जातो, कडक टायर सुरीसारखा आत घुसतो. मघाशी फोड येईपर्यंत भरलेली हवा मी व्हॉल्व्ह दाबून फुस्स केली. बायको लांबून म्हणाली, "तू त्यांच्याकडे बघूच नकोस ना." बरोबर. पण कान कुठे ठेवू?

तिसऱ्या फेरीला मी खरोखरच समुद्राकडे बघत निघालो होतो.

"परत कमी झाली वाटतं!"

मी ब्रेक दाबला. शांतपणे विचारलं, "आजोबा, तुम्ही किती वर्षं सायकल चालवताय?"

"मी? छे! मला येतच नाही. तोल राहत नाही." मग माझ्या मुलीकडे वळून, अगदी प्रेमाने, "बाळ, बाबांना दम लागलाय. सावकाश ने हं त्यांना."

ती हो म्हणाली. मला दम लागलेला नव्हता, वारा होता! दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरचा गार वारा आत घुसतो. पुळणीकडे तोंड केलं की थेट छातीवर. अशा वाऱ्यात माझा वेग ताशी आठ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. कठडा ३० मीटरचा धरा. तेरा सेकंद मी त्या माणसाच्या ताब्यात. तेरा सेकंदांत काहीही सांगून होतं.

त्याच वळणावर एक मोठी पांढरी गाडी अर्धा रस्ता अडवून उभी होती. तिला चुकवायला माझी मुलगी मध्यावर गेली तर मागून दुसऱ्या गाडीने असा हॉर्न मारला की पोरगी सायकलसकट वाळूत. गुडघा खरचटला. गाडी थांबली नाही. आजोबांनी त्या गाडीला काही सांगितलं नाही, उभ्या गाडीलाही नाही. कोणीच सांगत नाही. काच वर असते. सल्ला घ्यायला उघडा माणूस लागतो, घामेजलेला, मागे मूल बांधलेला. गुडघा धुताना माझे हात थरथरत होते आणि ते पंपामुळे नव्हते.

चौथी फेरी झाली नाही. घरी येऊन साखळ्या गोड्या पाण्याने धुतल्या, पुसल्या, तेल घातलं, कारण खारं पाणी आणि वाळू साखळीची दोन दिवसांत वाट लावतात. माझी अजून करकरतेय.

आज सकाळी बघतो तर मागचा टायर रिमपर्यंत बसलेला. ट्यूब काढली, बादलीत बुडवून फिरवली. व्हॉल्व्हपासून चार बोटांवर एक बारीक बुडबुडा. मग दुसरा. अगदी निवांत, एकामागून एक. म्हणजे कालपासूनचंच पंक्चर.

गुडघ्याला पट्टी लावलेली मुलगी बादलीत डोकावली. "म्हणजे आजोबा पहिल्यांदा म्हणाले तेव्हापासूनच—"

"दात घासलेस का?" मी म्हणालो.