होळीनंतर परत येणारी टोळी

गेली बावीस वर्षे मी पुण्यात आणि आसपासच्या साइटवर इमारती उभ्या करण्याचे काम करतो आहे. या काळात सर्वांत जास्त जीव कशात गुंतला असे कोणी विचारले, तर माणसे मिळवण्यात आणि मिळालेली टिकवण्यात, असेच मी सांगेन. होळीला गावी गेलेली मजुरांची टोळी परत येईल की नाही, या काळजीत दर वर्षी काही आठवडे जातात. ही अडचण लहान ठेकेदारांपुरती नाही. लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईतील एका परिषदेत सांगितले होते की, एका वेळी सुमारे ४ लाख मजूर कामावर राहावेत म्हणून वर्षभरात जवळपास १६ लाख माणसे घ्यावी लागतात. सरकारी योजनांमुळे मजूर गाव सोडायला तयार नाहीत, हे त्यावर त्यांनी दिलेले एक कारण होते. मला ते अपुरे वाटते, कारण माझ्याकडून गेलेली माणसे गावात बसलेली नसतात, ती दुसऱ्या साइटवर काम करत असतात.

ती का जातात, हे मला हरित मानांकनाच्या, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना गुण मोजून दिल्या जाणाऱ्या दर्जाच्या, पहिल्या कामावर कळले. तोपर्यंत हरित इमारत म्हणजे सोलर पॅनेल, पावसाच्या पाण्याची टाकी आणि वीज कमी खाणारे दिवे, एवढीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) काय किंवा ‘गृह’ काय, आपल्याकडच्या या दोन्ही मानांकनांमध्ये इमारत बांधणाऱ्या मजुरांच्या सोयींचाही विचार केलेला आहे. बांधकाम चालू असताना उडणारी धूळ आवरा, मजुरांना स्वच्छतागृहे द्या, या अपेक्षा तिथे लेखी आहेत. आम्ही त्या सुरुवातीला केवळ गुणांसाठी पाळल्या, हे मान्य केले पाहिजे.

त्या साइटवर ओट्याचा ग्रॅनाइट अकराव्या मजल्यावर, खोलीतच, हातकटरने कोरडा कापला जात होता. कापणाऱ्या मुलाने तोंडाला रुमाल बांधला होता, आणि कटर बंद झाल्यावर त्याच्या पापण्या, भुवया, हातावरचे केस, सगळे पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखे पांढरे दिसत होते. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्या आजारातून फुप्फुसे पुन्हा पूर्ववत होत नाहीत. रुमालाने ती अडत नाही. आम्ही कापण्याचे सगळे काम तळमजल्यावर, उघड्या शेडमध्ये, पाण्याची धार सोडणाऱ्या मशीनवर आणले. मापे वरून घ्यायची, दगड खाली कापायचा आणि पुन्हा वर चढवायचा, यात पहिला आठवडा काम रखडले आणि मुकादमाने रोज कुरकुर केली. महिन्याभराने त्याच मुकादमाने मला सांगितले की, पोरांचा रात्रीचा खोकला कमी झाला आहे.

भिंतींचेही असेच झाले. राखेपासून बनणारे हलके, सच्छिद्र एएसी ब्लॉक आम्ही घरे थंड राहावीत म्हणून निवडले होते. पण सहा इंची जाडीचा एक ब्लॉक सुमारे ११ किलोचा असतो आणि तेवढीच जागा भरायला लागणाऱ्या मातीच्या विटा जवळपास ३० किलो भरतात. संध्याकाळी घमेले खाली ठेवणाऱ्या बिगाऱ्याच्या मानेला हा फरक कोणत्याही तक्त्यापेक्षा आधी कळतो. गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा रंग मारल्यावर उरलेले डबे आम्ही लेबर कॅम्पच्या पत्र्यांसाठी दिले, आणि मे महिन्यात दुपारी बाहेर झाडाखाली झोपणारी माणसे पुन्हा खोल्यांत झोपू लागली.

बायकांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याविषयी साइटवर कोणी बोलत नाही. शौचालय दूर, अंधारात किंवा घाण असले की हेल्परचे काम करणाऱ्या बायका दिवसभर पाणीच कमी पितात. कडक उन्हात, डोक्यावर ओझे घेऊन. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्यात शौचालये होती, आणि ५० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघरही होते, तरी किती साइटवर ते प्रत्यक्षात उतरले हे आपण सगळे जाणतो. आमच्याकडे बायकांची शौचालये वेगळी, कडी आणि दिव्यासह झाली, तेव्हा दोन जोडप्यांनी गावाकडून आणखी नातेवाईक बोलावून घेतले.

तरुण इंजिनिअरही आता मुलाखतीत विचारतात की, तुमच्याकडे मानांकनाची कामे आहेत का. त्यांना ते काम शिकायचे असते, आणि आम्हाला त्यामुळे चांगली मुले मिळतात. पण गवंड्याला लॉबीतल्या पाटीवरचा ‘प्लॅटिनम’ दर्जा वाचता येत नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या साइटची पाटी हिरवी आणि कॅम्प चिखलात, तिथून तो पुढची खर्ची, म्हणजे हातखर्चाचे पैसे, मिळाल्यावर निघून जातो, आणि मी त्याला दोष देणार नाही.

यंदा होळीनंतर ग्रॅनाइटची टोळी जास्तीची उचल न मागता आली. निघण्याआधी मुकादमाचा फोन आला होता. दर त्याने शेवटी विचारला. आधी विचारले ते हे, की नव्या साइटवर कटिंगचे मशीन खालीच ठेवणार ना, आणि तिथे पाण्याची लाइन आली आहे का.