‘ओये बस’चं ‘शोएब’ कसं झालं

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारलं. तिघे कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीसाठी निघाले होते. लॉकडाऊन होता. ‘मुलं पळवणारे आलेत, किडन्या काढणारे आलेत, चोर वेश पालटून फिरतायत’ असे मेसेज त्या पट्ट्यात बरेच दिवस फिरत होते आणि लोक रात्री पहारा देत होते. ही पहिली अफवा. तिने तीन जीव घेतले.

दुसरी अफवा त्या रात्रीच्या व्हिडिओतून निघाली. क्लिपमधल्या गोंगाटात एक आवाज ऐकू येतो. तो ‘मार शोएब मार’ म्हणतोय असं कुणीतरी क्लिपच्या वर लिहून टाकलं आणि मारेकरी मुसलमान ठरले. प्रत्यक्षात तो आवाज ‘ओये बस’ म्हणतोय. कोऱ्या मनाने ऐकलं तर कळतं. वरची ओळ आधी वाचली असेल तर मात्र ‘शोएब’च ऐकू येतं, कारण अस्पष्ट आवाजात कान तेच शोधतो जे डोळ्यांनी नुकतंच वाचलंय. २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुस्लिम नव्हता. तोवर दुसऱ्या गोटानेही आपली कथा रचलेली होती: सरपंचपद कोणत्या पक्षाकडे आहे एवढ्यावरून मारेकरी त्याच पक्षाचे ठरवले गेले. त्या आदिवासी पट्ट्यातली भीती कुठून आली, ते मेसेज कुणी सोडले, प्रशासनाने ते वेळेत का खोडले नाहीत, हे प्रश्न दोन्हीकडच्या चर्चेतून बाजूला पडले.

म्हणून मी खोटी माहिती आणि राजकीय कप्पे (जिथे फक्त आपल्याच मताची माणसं आणि मजकूर भेटतो) ही दोन वेगळी दुखणी मानत नाही. भीतीची अफवा पक्ष बघत नाही. पण एकदा रक्त सांडलं की घटनेचा अर्थ पक्ष बघून वाटून घेतला जातो, आणि मूळ अफवेचा माग काढायला कुणी उरत नाही. ती पुढच्या गावासाठी मोकळी राहते.

राईनपाडा आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याच रात्री मालेगावात पोलिसांनी पाच जणांना जमावाच्या तावडीतून सोडवलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका क्लिपमध्ये मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. ती कराचीत बनवलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कापला होता. अफवेला सगळं खोटं बनवावं लागत नाही, हे इथे नीट लक्षात घ्या. खऱ्या व्हिडिओचं शेपूट कापलं, किंवा गाव आणि तारीख बदलली, की काम होतं.

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. फेसबुक आणि व्हॉट्सॲपला एकाच मापाने मोजून चालत नाही.

फेसबुकवर काय दिसणार हे गुण देऊन ठरतं. २०१७ पासून काही काळ साध्या लाइकला १ गुण आणि रागाच्या इमोजीला ५ गुण होते, हे कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा कळलं. म्हणजे संताप आणणारी पोस्ट पाचपट मोलाची. पुढे ते वजन टप्प्याटप्प्याने कमी करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. त्याच कागदांत फेब्रुवारी २०१९ मध्ये केरळमधल्या वापरकर्त्याच्या नावाने उघडलेल्या चाचणी खात्याची नोंद आहे. फेसबुक सुचवेल ते पाहायचं, सुचवेल त्या ग्रुपात जायचं, एवढंच त्या खात्याने केलं. त्याच काळात पुलवामाचा हल्ला झाला, आणि खातं उघडल्यापासून तीन आठवड्यांत त्याची फीड द्वेषाने, खोट्या बातम्यांनी आणि मृतदेहांच्या फोटोंनी भरली. आणि चुकीची माहिती ओळखण्याच्या जागतिक तरतुदीपैकी ८७ टक्के एकट्या अमेरिकेसाठी होती. उरलेल्या १३ टक्क्यांत बाकीचं जग. मराठीच्या वाट्याला काय येणार?

तरी सगळं खापर अल्गोरिदमवर फोडणं मला पटत नाही. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी सुमारे २३ हजार वापरकर्त्यांच्या फेसबुकवर समविचारी मजकूर तीन महिने एक तृतीयांशाने कमी करून पाहिला. त्यांच्या राजकीय मतांत मोजता येईल असा फरक पडला नाही. कप्पा फीडमध्ये असतो तसा मनात आणि नात्यांतही असतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तुम्हाला काय दाखवायचं हे ठरवणारं यंत्रच नाही. भावकी, सोसायटी, माजी विद्यार्थी, पक्षाचा बूथ, हे कप्पे आपण माणसं जोडून बांधलेत. तिथे बातमीची किंमत पाठवणाऱ्यावरून ठरते. काकांनी किंवा शाळेतल्या सरांनी पाठवलंय, म्हणजे विचार करूनच पाठवलं असणार. प्रत्यक्षात त्यांनीही कुणावर तरी असाच विश्वास टाकलेला असतो. विरोधी मताचा माणूस दोनदा बोलतो, तिसऱ्यांदा गप्प बसतो, मग ग्रुप सोडतो. तो गेला की ग्रुपमधला एकमेव तपासनीस गेलेला असतो.

कंपनीने ब्रेक लावले, आणि ते काही अंशी लागलेही. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. पण खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दिसणारी दुहेरी बाणाची खूण त्या साखळीपुरती असते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, किंवा व्हिडिओ उतरवून पुन्हा चढवला, की तो कोऱ्या पाटीने निघतो. प्रचारयंत्रणा नेमकं हेच करतात. त्यामुळे दुहेरी बाण दिसला तर सावध व्हा, पण नाही दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

तपासायचं कसं? व्हिडिओ असेल तर आधी आवाज बंद करून पाहा, मग वरची ओळ हाताने झाकून ऐका. शक्य असेल तर पाऊण वेगाने. नंतर तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या: सुरुवातीचं दृश्य, पाटी किंवा नंबरप्लेट दिसते ते दृश्य, आणि चेहरे स्पष्ट दिसतात ते. वरची अक्षरं कापून टाका, नाहीतर शोधात त्या अक्षरांसारखीच चित्रं येतात. मग गूगल लेन्सवर टाका. तिथे नाही मिळालं तर यांडेक्स या रशियन सर्च इंजिनवर. सर्वांत जुनी तारीख शोधा, कारण जुना व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरवणं हा सगळ्यांत स्वस्त प्रकार आहे. काहीच हाती लागलं नाही तर त्याचा अर्थ ‘खरं आहे’ असा होत नाही. तेव्हा त्या तालुक्याच्या बातमीदाराला किंवा पोलीस ठाण्याला फोन हाच उपाय.

नुसत्या ऑडिओचं सगळ्यात अवघड. १९ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइनबद्दलच्या क्लिप्स आल्या. दोघांनीही तो आवाज आपला नसल्याचं सांगितलं आणि पडताळणीत त्यांतल्या बहुतेक क्लिप्स एआयने बनवल्याची चिन्हं आढळली. पण मतदान सकाळी ७ वाजता सुरू होणार होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमित शहांचं आरक्षणावरचं भाषण कापून उलट्या अर्थाने फिरवलं गेलं आणि मुंबईत महाराष्ट्र युवक काँग्रेसच्या हँडलवर गुन्हा नोंदवला गेला. आपल्या बाजूचं खोटं आपल्याला चटकन दिसत नाही. मतदानाआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत आलेलं कोणतंही ‘स्फोटक’ पुढे पाठवायचं नाही, एवढा एक नियम ज्याने त्याने पाळला तरी बरंच वाचेल.

ग्रुपवर कुणी खोटं टाकलं तर चारचौघांत पाणउतारा करू नका. माणूस मग मजकुराऐवजी स्वतःची इज्जत वाचवू लागतो. आधी फोन करा आणि ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायला सांगा. त्याला सुमारे अडीच दिवसांची मुदत असते. ग्रुपवर लिहायचं झालं तर पहिल्या ओळीत खरं काय ते लिहा, खोट्याचा उल्लेख एकदाच करा, आणि मूळ फोटोची लिंक द्या. तीच खोटी क्लिप ‘हे खोटं आहे’ म्हणून पुन्हा टाकू नका, ती तुमच्याकडूनच पुढे जाईल.

ॲडमिन मंडळींसाठी शेवटचं. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं याहून फारसं काही नव्हतं. आता कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. ‘मुलं पळवणारी टोळी’ असा मेसेज आला तर तो लगेच काढा, ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा, पोलीस पाटलांना किंवा ११२ ला फोन करा, आणि त्यांनी जे सांगितलं ते वेळेसकट, स्वतःच्या नावाने ग्रुपवर लिहा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.